जुनी पोलो जीटी टीएसआय की बलेनो आरएस?

जळगाव-धुळ्याकडे जुन्या बाजारात छोटी पण चपळ पेट्रोल गाडी शोधणारा शेवटी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणि मारुतीची बलेनो आरएस, याच दोन नावांवर येऊन थांबतो. दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. आरएस २०१७ ते २०२० एवढीच विकली गेली.

आकड्यांत २०१३ ची १.२ लिटर पोलो पुढे: १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आरएस १०२ पीएस, १५० न्यूटन मीटर, पाच गिअर, तेही हातानेच. कन्नडच्या घाटात पोलो एस (स्पोर्ट) मोडवर टाका, समोरचा ट्रक कधी मागे पडला कळतही नाही. खरी गोम डीएसजीत आहे. तिचे क्लच कोरडे असतात, रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात, आणि आपल्याकडे मे महिना म्हणजे ४५ अंश! चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची खोड असेल तर आधी ती मोडा, ब्रेक वापरा. घेताना थंड गाडी चालू करून हळूहळू पुढे-मागे घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर जाणवली की भाव पाडा नाहीतर उठून या. मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट, गेलं तर खिशाला मोठं भोक.

आरएसमध्ये ही धास्ती नाही. कमी आरपीएमला जरा सुस्त, टर्बो जागा झाला की पळते. चारही चाकांना डिस्क ब्रेक. मागे तिघं बसतात, दरवाजे साध्या बलेनोचे चालतात.

चाळीसगावात राहून रोज गाडी लागणार असेल तर मी आरएस घेईन. पोलो घ्यावी ती पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड हातात असेल तरच.