वजन उतरवताना ठेवलेली विचारांची वही : दिवाळी ते गणपती, वापरानंतरचा अनुभव

काय खावं आणि किती चालावं हे आता कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. माझी अडचण वेगळी होती. सकाळी वजनकाट्यावर उभं राहिलं की मन म्हणायचं, ‘तुला नाही जमायचं.’ ते ऐकलं की दिवसभराचं बळ जायचं. यावर इलाज म्हणून गेल्या दिवाळीनंतर एक साधी फुलस्केप वही सुरू केली. गणपती होऊन गेले, वही अजून चालू आहे. बरोबर एक डिजिटल वजनकाटा, शिवणकामाची टेप आणि पावलं मोजणारा मनगटी पट्टा वापरते. पण अनुभव लिहायचा तो मुख्यतः वहीचाच, कारण बाकीच्या वस्तू तिच्याशिवाय मला मानवल्या नसत्या.

मी देवगडची. वय त्रेचाळीस, कचेरीत बसून काम, घरात आंब्याची बाग आणि वर्षभर येणारंजाणारं माणूस. सुरुवातीला वजन 81 किलो, कंबर 98 सेंटिमीटर आणि उपाशीपोटीची साखर 112. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासून घ्यायला लावलं. ते तुम्हीही आधी करा. थायरॉइड बिघडलेलं असताना मनाला दोष देत बसण्यात अर्थ नसतो.

वहीची पद्धत ओळखीच्या एका समुपदेशक ताईंनी शिकवली. तिचं मूळ अमेरिकेतलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडायला सुरुवात केली. पुढे 1960 च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी निराश रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांवर काम केलं. महाराष्ट्रात एलिस यांचे विचार डॉ. कि. मो. फडके यांनी लोकांपर्यंत नेले. सार असं, की नुसत्या प्रसंगाने माणूस खचत नाही. त्या प्रसंगाबद्दल तो मनाशी जे बोलतो, त्याने खचतो. ते बोलणं कागदावर आलं की तपासता येतं.

पानावर चार रकाने आखायचे. काय घडलं, मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, त्या वाक्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा काय, आणि आता मी काय करणार. वाक्य जसं आलं तसंच लिहायचं, सभ्य करून नाही. ‘मला थोडं निराश वाटलं’ असं लिहिलं तर तपासायला हातात काहीच उरत नाही. ‘माझं शरीरच असलं, मरेपर्यंत हे असंच राहणार’ असं लिहिलं तर त्याला धरून प्रश्न विचारता येतात.

जुलैतलं एक पान इथे उतरवते, म्हणजे कल्पना येईल. जून आणि जुलै असे दोन महिने आपल्याकडे मासेमारी बंद असते. घरात मग सुकी मासळी निघते. त्या रविवारी दुपारी सुक्या बांगड्याची किसमूर होती, रात्री पेजेबरोबर लोणचं आणि भाजलेला पापड. सोमवारी सकाळी काटा 76.4. आदल्या दिवशी 75.1 होता. दुसऱ्या रकान्यात वाक्य आहे : ‘एवढं करून एका दिवसात सव्वा किलो वाढलं. काही उपयोग नाही, सोडून दे.’ तिसऱ्या रकान्यात बाजूने एकच गोष्ट, काट्यावरचा आकडा. विरुद्ध बाजूला बरंच सापडलं. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे सव्वा किलो चरबी चढायला रोजच्या गरजेवर जवळजवळ दहा हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. तेवढं मी खाल्लं होतं का? शक्यच नाही. मग वाढलं काय? पाणी. खारवलेल्या मासळीतलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, पाळी जवळ आली की तेव्हाही शरीर पाणी धरतं. शिवाय शरीरात साठवलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे भात जरा जास्त झाला की तेही काट्यावर दिसतं. चौथ्या रकान्यात लिहिलं, ‘आज नेहमीचंच जेवण. उपास नाही, शिक्षा नाही. काटा गुरुवारी.’ गुरुवारी 75.0.

वजन उतरलं याचा आनंद होताच. पण त्या सोमवारी मी दिवस सोडून दिला नाही, याचा जास्त झाला. पूर्वी असा आकडा दिसला की संध्याकाळपर्यंत चिवड्याचा डबा रिकामा व्हायचा. तेव्हापासून काट्यावरचा एका दिवसाचा आकडा मी धरत नाही, आठवड्याची सरासरी काढते.

आता वहीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. लोकांना वाटतं, वाईट विचार खोडून तिथे चांगला विचार लिहायचा. आरशावर ‘मी सडपातळ आहे, मी सुंदर आहे’ अशा चिठ्ठ्या लावायचा सल्ला मला खूप जणींनी दिला. माझं मन अशा वाक्याला लगेच उलट उत्तर देतं आणि मग आणखी खिन्न होतं. वहीत जे लिहायचं ते मला स्वतःला खरं वाटलं पाहिजे. ‘माझी कंबर चार सेंटिमीटर कमी झाली आहे आणि कचेरीचा जिना मी न थांबता चढते’ हे कुणी नाकारू शकत नाही, माझं मनसुद्धा नाही. सकारात्मक विचार म्हणून जे विकलं जातं त्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ आहे, असं माझं ठाम मत आहे.

लोकांच्या नजरेचंही असंच. देवगड जामसंड्याच्या रस्त्याला बाईमाणूस बूट घालून झपझप चालताना दिसलं की मोटारसायकली थांबतात. ‘खय चल्लंस गो? बस, सोडतंय.’ पहिल्या आठवड्यात मनातलं वाक्य होतं, ‘सगळे मला हसतायत.’ पुरावा लिहायला बसले तेव्हा कुणी प्रत्यक्षात काय म्हटलं तेच लिहायचं ठरवलं. पान भरलं ते सोडायला तयार असलेल्या माणसांनी. हसल्याचा एकही पुरावा नव्हता. पुढे शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘माका पण हाक मार गो सकाळी,’ आणि आता आम्ही दोघी जातो. पावसात बाहेर पडणं अशक्य होतं तेव्हा पडवीत येरझाऱ्या आणि भिंतीला टेकून बैठका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पडवीतही ते होतं.

मनगटी पट्ट्याबद्दल थोडक्यात. तो 10,000 पावलांचं उद्दिष्ट लावूनच येतो. त्या आकड्याची सुरुवात 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून झाली, दवाखान्यातून नाही. मी उद्दिष्ट 7,000 करून घेतलं. रोज हरल्यासारखं वाटण्यापेक्षा रोज जमेल असं ठेवलेलं बरं. कॅलरी मोजणारं एक ॲपही काही आठवडे वापरलं. मर्यादेपुढे गेलं की पडदा लाल व्हायचा, रात्री दहाला सूचना यायची, आणि घावणे, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी यांचा त्यात पत्ताच नाही. ज्या स्वभावाला आधीच स्वतःला रागावण्याची सवय आहे, त्याला हे ॲप मी मुळीच सुचवणार नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा गणपतीत. घरात चाकरमानी, रोज कुणाच्या तरी घरी आरती, आणि उकडीचे मोदक. माझ्या बाबतीत धोका मोदकात नव्हता, मोदकानंतर येणाऱ्या वाक्यात होता : ‘आता मोडलंच आहे, तर आज पोटभर खाऊन घेऊ, सोमवारपासून बघू.’ हे काही माझ्या एकटीचं नाही. टोरांटोतल्या जॅनेट पॉलिवी आणि पीटर हर्मन या संशोधकांनी हाच प्रकार अभ्यासला आहे. पथ्य मोडलं असं वाटलं की पथ्यावरची माणसं उलट जास्त खातात. 2007 साली क्लेअर ॲडम्स आणि मार्क लीरी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खाण्यावर बंधन घालणाऱ्या तरुणींना आधी डोनट खायला दिला, आणि त्यातल्या काहींना ‘स्वतःला बोल लावू नका, सगळेच कधीतरी खातात’ असं समजुतीने सांगितलं. पुढे गोड गोळ्या समोर ठेवल्यावर याच मुलींनी कमी खाल्ल्या. स्वतःला झोडपलं तर ताबा सुटतो, समजून घेतलं तर राहतो. माझ्या वहीतली पानं चाळली की हेच दिसतं.

म्हणून चतुर्थीच्या आदल्या रात्री वहीत ‘असं झालं तर असं करीन’ या धर्तीवर लिहून ठेवलं. ही युक्ती पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांची. आग्रह झाला तर एक मोदक पानात घेईन, त्यावर तूप घेईन, बसून सावकाश खाईन. दुसऱ्याचा आग्रह झाला तर संध्याकाळच्या आरतीनंतर घेईन म्हणेन. आणि आत्या आल्याच, ‘वर्षाचो सण हा गो, एका मोदकान काय होवचा नाय, खा गपचीप!’ मी खाल्ला, आणि चवीने खाल्ला. दुसऱ्याच्या वेळी ठरवलेलं वाक्य तोंडात तयार होतं, त्यामुळे वाद झाला नाही आणि आत्यांचं मनही मोडलं नाही.

गौरीच्या रात्री फुगड्या होतात. गेल्या वर्षी मी टाळ्या वाजवायला बसले होते. यंदा जाऊबाईंनी हात धरून उठवलं, फेर वाढत गेला, आणि धाप लागली ती त्यांना. त्या रात्री वहीत ‘पुरावा’ या रकान्यात फक्त ‘फुगडी’ एवढंच लिहिलं आहे.

आता उणिवा. एप्रिल-मे मध्ये वजन अडकलं. शरीर लहान झालं की त्याची गरजही घटते, म्हणून तेच जेवण आणि तेच चालणं पुरत नाही. वहीने धीर दिला, पण वजन हलायला दुपारचा भात कमी करून त्या जागी उसळ वाढवावी लागली. हापूस मात्र बंद केला नाही. जेवणाबरोबर एक, आणि तेवढा भात कमी. दुसरी उणीव अशी की वही घेऊन बसलं तर माणूस तेच तेच उगाळत बसतो. मी दहा मिनिटांचा गजर लावते. आणि वही घरच्यांच्या हाती लागू देऊ नका. कुणी वाचेल या भीतीने लिहिलेलं वाक्य खरं नसतं. माझी कपाटात साड्यांखाली असते.

काही गोष्टी वहीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. लपून खूप खाणं, मग मुद्दाम उलटी करणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं, आठवडेच्या आठवडे कशातच मन न लागणं, जगणं नको वाटणं, असं काही असेल तर वहीच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांकडे जा. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. गावात लोक काय म्हणतील म्हणून थांबणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते.

आजची स्थिती : वजन 73 च्या आसपास, कंबर 90, साखर 97. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखरेला फायदा होतो असं डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं, ते अहवालात दिसलं. आशियाई बायकांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटिमीटर धरतात, म्हणजे वाट बरीच बाकी आहे. पण आता तो आकडा पाहून मन पूर्वीसारखं गळून जात नाही.

कुणी सुरू करणार असेल तर एकच सुचवते. पहिला आठवडा तिसरा आणि चौथा रकाना कोरा ठेवा. नुसती वाक्यं टिपा, वेळेसकट. माझी बहुतेक वाक्यं सकाळी काट्यावर आणि संध्याकाळी कचेरीतून दमून आल्यावरची निघाली. संध्याकाळची निम्मी तर मूठभर शेंगदाणे आणि ताक पोटात गेल्यावर आपोआप बंद झाली.