लाकडी कंगवा, ॲसिटेटचा कंगवा आणि स्टीलची फणी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कंगव्याची चर्चा बहुतेक वेळा लाकूड की प्लास्टिक इथेच अडकते. लाकडी कंगवा, ॲसिटेटचा (लाकूड-कापसाच्या तंतूंपासून बनणाऱ्या प्लास्टिकचा) कंगवा आणि स्टीलची फणी हे तिन्ही प्रकार आठ महिने रोज वापरल्यावर ठाम मत झालंय ते असं : आधी बघावी दोन दात्यांमधली फट, मग दाता पाठीतून जिथे फुटतो ते बूड. केस तुटतो तो बहुधा या बुडाच्या अरुंद कोपऱ्यात अडकून. बूड गोलाईचं असेल तर केस तिथून सरकून बाहेर येतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखं चिंचोळं असेल तर पाचरीसारखा आवळला जातो.

लाकडी कंगव्यापासून सुरुवात करू. एकाच फळीतून कापलेला असेल तर लाकडाचे रेषे दात्यांच्या लांबीने गेलेले हवेत. आडव्या रेषांचा दाता पहिल्याच घट्ट गाठीला मोडतो. पण रेषे दात्याच्या दिशेने घेतले की ते पाठीला आडवे पडतात आणि पाठ कमकुवत होते. म्हणून लाकडी कंगवा पडला की कधी कधी दाते शाबूत राहतात आणि पाठच उभी चिरते. पाठ जाड असावी किंवा तिला वेगळ्या रेषांची पट्टी जोडलेली असावी. कडेचे दोन दाते बाकीच्यांपेक्षा जाड आहेत ना, हेही बघून घ्या; फटका त्यांनाच पहिला बसतो.

लाकडाचा खरा शत्रू पाणी. ओल्या केसांत रोज फिरवल्यावर साधारण तिसऱ्या महिन्यात दात्यांवर बोट फिरवलं की लव लागायला लागली. पाणी पिऊन रेषे उभे राहतात, दुसरं काही नाही. उपाय सोपा आहे : ४०० नंबरच्या पॉलिशपेपरची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, फटीत घालून बुडाकडून टोकाकडे ओढायची, मग तेच ८०० नंबरने. धूळ पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, दहा मिनिटांनी जादा तेल टिपायचं आणि दोन-तीन दिवस सुकू द्यायचं. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं. खोबरेल तसंच ओलं राहतं आणि धूळ धरतं. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा, कारण ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. कोरड्या हवेत मात्र लाकडाला तोड नाही, केस फुलून उभे राहत नाहीत.

साच्यात ओतलेल्या साध्या प्लास्टिकच्या कंगव्याला प्रत्येक दात्यावर साच्याच्या जोडाची बारीक धार राहते. डोळ्यांना ती दिसेलच असं नाही. कापसाचा पिंजलेला पुंजका दात्यांतून ओढून बघा : जिथे तंतू अडकून राहतात तिथे धार आहे, आणि केसावरचे खवलेही ती तशीच खरवडते. ॲसिटेटचा कंगवा करवतीने कापून घासलेला होता, त्यात कापूस स्वच्छ बाहेर आला. आठ महिन्यांत एकही दाता गेला नाही. दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. उकळतं पाणी नको, दाते वाकतात. नखांचा रंग काढायचं ॲसिटोन तर जवळही नको, ॲसिटेट त्यात विरघळतं.

उवांसाठीची फणी हा वेगळाच विषय. पूर्ण वाढलेली ऊ २ ते ३ मिलिमीटर लांब, पण लीख जेमतेम ०.८ बाय ०.३ मिलिमीटर. म्हणजे फट ०.३ मिलिमीटरच्या आत हवी, आणि ती दात्याच्या टोकापर्यंत तेवढीच राहायला हवी. घोडं अडतं ते इथेच : स्टीलचे दाते प्लास्टिकच्या बुडात बसवलेले असतात, आणि एक जरी ढिला झाला की त्याच्या शेजारची फट रुंदावते. फणी उजेडासमोर धरा. उजेडाच्या रेघा सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी जाड दिसली तर ती फणी उवांच्या कामाची राहिली नाही.

विंचरायची रीत : ओल्या केसांना भरपूर कंडिशनर, आधी रुंद दात्यांनी गुंता काढणं, मग फणी टाळूला टेकवून शेंड्यापर्यंत, आणि प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या कागदावर पुसणं. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. अंडी सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदाच विंचरून थांबलात तर ती मागे राहिलेली असतात. नंतर फणी ५५ अंशांच्या वरच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायची.

तिन्ही प्रकारांत सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो दात्यांच्या बुडाशी साठणारा करडा मळ. निसर्गातली फणीही साफ करावी लागते : लेमूर हा प्राणी खालचे पुढचे दात एकत्र जुळवून फणीसारखे अंगावरून फिरवतो, आणि त्या दातांत अडकलेले केस काढायला त्याच्या जिभेखाली आणखी एक कडक, दातेरी उपजीभ असते. आपल्याकडे उपजिभेचं काम जुना दातांचा ब्रश करतो. आठवड्यातून एकदा, साबणाच्या कोमट पाण्यात, पाठीकडून टोकाकडे. लाकडी कंगवा बुडवायचा नाही, ब्रशच तेवढा ओला करायचा आणि कंगवा लगेच पुसून दाते खाली करून टांगायचा.