'नागरी राज्य' आणि चळवळीतला सदस्य: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

इस्लामवादी चळवळींचे, म्हणजे राज्यकारभार इस्लामच्या तत्त्वांवर चालावा असे मानणाऱ्या चळवळींचे, सदस्य नागरी राज्याची (धर्मगुरूंच्या सत्तेऐवजी नागरिकांच्या इच्छेवर आणि कायद्यावर चालणाऱ्या राज्याची) तत्त्वे कितपत मानतात, या विषयावरचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. नेत्यांच्या जाहीरनाम्यांपाशी न थांबता साध्या सदस्याच्या मनापर्यंत जाऊ पाहणारी अशी शिकवण क्वचितच मिळते.

तिसऱ्या आठवड्यात खरा कस लागला. इजिप्तमधील मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामवादी संघटनेचा २००७ मधला पक्षकार्यक्रमाचा मसुदा आणि ट्युनिशियाच्या २०१४ च्या (२०२२ मध्ये बदलल्या गेलेल्या) संविधानातले दुसरे कलम शेजारी ठेवून वाचायचे होते. मसुद्यात कायद्यांबाबत सल्ला देणारे धर्मपंडितांचे मंडळ आहे आणि स्त्रियांना व ख्रिस्ती नागरिकांना राष्ट्राध्यक्षपद नाकारलेले आहे; उलट, अन्नहदा हा इस्लामवादी पक्ष सर्वांत मोठा असलेल्या संविधान सभेने संमत केलेले कलम सांगते की राज्य नागरी असून ते नागरिकत्व, लोकेच्छा आणि कायद्याचे श्रेष्ठत्व यांवर उभे आहे. त्या मसुद्याला ब्रदरहुडमधूनच, अब्देल मोनेम अबुल फुतूह यांच्यासारख्या ज्येष्ठांकडून, विरोध झाला होता हे शिक्षकांनी आवर्जून दाखवले, आणि चळवळीला एकच मन असते हा माझा समज तिथेच मोडला.

त्यानंतरचा स्वाध्याय प्रश्नावली तयार करण्याचा होता. 'नागरी राज्य हवे का?' एवढेच विचारले तर होकार मिळवणे सोपे आहे, कारण 'मदनी' (अरबीत 'नागरी') म्हणजे लष्करी नव्हे, असाही अर्थ २०११ च्या उठावानंतरच्या इजिप्तमध्ये घेतला जात होता. म्हणून वारसाहक्क, धर्म सोडण्याची मुभा आणि निवडून आलेल्या संसदेवर धर्मपंडितांचा अधिकार, असे नेमके प्रश्न विचारायला शिकवले. माझ्या मते, अभ्यासक्रमाचे सारे मोल या एका स्वाध्यायात आहे.

तक्रार एक आहे, पण ती गंभीर आहे. उपशीर्षकांमध्ये 'मदनी' या शब्दासाठी सर्रास 'सेक्युलर' वापरला आहे. सेक्युलरसाठी अरबीत वेगळा शब्द आहे, 'इल्मानी'. तो शब्द नाकारणारे कित्येक सदस्य 'मदनी' मात्र स्वीकारतात, आणि या फरकावरच तर सगळा वाद उभा आहे. मी कळवल्यावर दोन व्याख्याने दुरुस्त झाली, उरलेली अजून तशीच आहेत. स्त्री सदस्यांच्या मतांना अर्धेच सत्र मिळाले, हेही खटकले.

ज्यांना अरबी येत नाही त्यांनी व्याख्यानांची लिखित प्रत आधी वाचावी. तिच्यात मूळ संज्ञा दिलेल्या आहेत.