समुद्रातली पवनचक्की: पाया मोनोपाइलचा की जॅकेटचा?

20 मीटर खोल पाण्यात हा प्रश्न पडत नाही, तिथे मोनोपाइलच, म्हणजे समुद्रतळात ठोकलेलं एकच जाड पोलादी नळकांडं. 60 मीटरला जॅकेट, म्हणजे अनेक पायांचा पोलादी जाळीचा सांगाडा, किंवा तरंगता पाया. खरी ओढाताण 35 ते 45 मीटरच्या पट्ट्यात होते, कारण तिथे दोन्ही बसतात. मी दोन्हींच्या उभारणीवर काम केलंय. मत द्यायची वेळ आली तेव्हा मोनोपाइलला दिलं.

जॅकेटला नावं ठेवायचा हेतू नाही. तेवढ्याच खोलीला त्यात बहुधा पोलाद कमी लागतं आणि लाट जाळीतून निघून जाते. स्कॉटलंडजवळच्या बिॲट्रिस प्रकल्पात 84 टर्बाइन जॅकेटवरच उभी आहेत, तीही 50 मीटरपलीकडच्या खोलीपर्यंत.

जॅकेटवरून माझं मन उडालं ते ग्राउटिंगमुळे, म्हणजे फटीत सिमेंटचं पातळ मिश्रण भरण्याच्या कामामुळे. समुद्रतळात आधी पाइल, म्हणजे पोलादी नळ्या, ठोकायचे, त्यांत जॅकेटचे पाय उतरवायचे आणि मधल्या फटीत ग्राउट भरायचं. एका रात्री तिसऱ्या पायाला नळी चोंदली. पंपाच्या दाबाचा काटा चढत गेला. नळी कापली तर आत दगडासारखा गठ्ठा. दुसरी जोडेपर्यंत लाटा वाढल्या. ताजं ग्राउट पहिला दिवसभर हलता कामा नये, त्यामुळे काम थांबवलं. दोन दिवस क्रेनचं जहाज नुसतं उभं, भाडं चालूच. तेही सोसलं असतं, पण फट पूर्ण भरली की नाही हे डोळ्यांना कधी दिसतच नाही. पाण्याखालच्या कॅमेऱ्यात वरून ओघळ आलेला दिसला की भरलं असं धरायचं. असे एका जॅकेटचे चार पाय, आणि अशी कितीतरी जॅकेटं.

ग्राउटने मोनोपाइललाही छळलंय. 2009-10 च्या सुमारास उत्तर समुद्रातल्या बऱ्याच प्रकल्पांत पाइलवर बसवलेला वरचा भाग खाली सरकत असल्याचं लक्षात आलं. सरळ नळकांड्यातल्या ग्राउटची पकड सुटली होती. पुढे तो जोड शंकूच्या आकाराचा झाला, नाहीतर फ्लँजला, म्हणजे नळकांड्याच्या टोकाच्या रुंद कड्याला, बोल्ट लावू लागले. बोल्ट मला आवडतो. पाना लावून ताण तपासता येतो, पुढच्या वर्षी पुन्हा तपासता येतो.

मोनोपाइलची मोठी अडचण आवाजाची. पाइल ठोकणाऱ्या हातोड्याच्या दणक्यांनी पॉरपॉइजसारख्या (डॉल्फिनसारख्या छोट्या) सागरी प्राण्यांना इजा होते. जर्मनीत पाइलपासून 750 मीटरवर एका दणक्याचा ध्वनी 160 डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. त्यासाठी भोवती तळाला छिद्रांची नळी टाकून बुडबुड्यांचा पडदा उभा करायचा, म्हणजे आणखी एक जहाज आणि कॉम्प्रेसरची रांग. हा खर्च मी मोकळ्या मनाने करीन, तो करायलाच हवा.

तळाला वाळू किंवा घट्ट चिकणमाती असेल, तर माझ्या मते मोनोपाइल घ्यावा. मोठे धोंडे किंवा वरवरचा खडक निघाला, तर माझा आग्रह नाही. म्हणून निवड करण्याआधी प्रत्येक टर्बाइनच्या नेमक्या जागेची जमीन-तपासणी मागवा. शेजारच्या नोंदीवरून अंदाज बांधू नका. त्याच पट्ट्यात एका जागी पाइल सरळ उतरलेला आणि पुढच्याच जागी धोंड्यावर अडलेला मी पाहिलाय.