आतड्याच्या मूलपेशींसाठी काय निवडाल: उपवास, जास्त चरबी की तंतुमय आहार?

आतड्याचं आतलं अस्तर दर तीन-पाच दिवसांनी नवं होतं. ही डागडुजी अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी बसलेल्या मूलपेशी, म्हणजे विभागून इतर पेशी घडवणाऱ्या पेशी, करतात. 2007 मध्ये डच शास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने ‘एलजीआर5’ या प्रथिनाच्या खुणेवरून त्या ओळखल्या आणि मग आहाराचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हे उंदरांमध्ये नीट तपासता येऊ लागलं.

अनेकांना वाटतं, मूलपेशी जितक्या जोमात तितकं बरं. मला ही समजूतच धोक्याची वाटते.

जास्त चरबीच्या आहाराचंच उदाहरण पाहा. अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या ओमर यिल्माझ यांच्या संशोधक गटाने उंदरांना अनेक महिने असा आहार दिला, ज्यात 60 टक्के कॅलरी चरबीतून येत होत्या. मूलपेशी वाढल्या खऱ्या. पण त्यांच्यापासून झालेल्या पेशीही मूलपेशींसारख्या वागू लागल्या आणि गाठी धरण्याची शक्यता वाढली. जोम होता, लगाम नव्हता.

उपवासाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. 24 तास उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या मूलपेशी साखरेऐवजी चरबी जाळू लागतात आणि त्यांची नवं अस्तर घडवण्याची क्षमता वाढते, असं याच गटाने 2018 मध्ये दाखवलं. 2024 मध्ये मात्र त्यांना दिसलं की मूलपेशींच्या विभाजनाला खरं उधाण येतं ते उपवास सोडल्यावर. नेमक्या त्या वेळी कर्करोगाकडे नेणारा जनुकीय बदल घडवला, तेव्हा गाठीही जास्त झाल्या. अर्थात, एका दिवसाच्या उपासाने उंदराचं वजन झपाट्याने उतरतं. माणसाचा एक दिवस त्याच्याशी ताडून पाहता येत नाही.

तंतुमय पदार्थांची गोष्ट उलटी आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांपासून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल बनवतात. वरच्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात, त्यामुळे तळच्या मूलपेशींपर्यंत ते फारसं पोचतच नाही. पोचलं असतं, तर त्यांचं विभाजन मंदावलं असतं. इथे मूलपेशींना चेतवणं नाही, अस्तराचं पोषण आहे. शिवाय माणसांवरच्या मोठ्या पाहण्यांत जास्त तंतू खाणाऱ्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळतो. म्हणून रोजच्या खाण्यासाठी माझा कौल तंतूंना. उपवास करायचाच असेल, तर तो सोडताना ताटावर तुटून पडू नका. घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि निव्वळ मूलपेशी वाढाव्यात म्हणून चरबी वाढवायला तर मी कुणालाच सांगणार नाही.