मॅजिक वाँड ओरिजिनल: जोर भरपूर, पण आपल्या सॉकेटसाठी नाही

मॅजिक वाँड हे हातात धरायचं मसाजयंत्र निघालं पाठीच्या मसाजसाठी, नाव झालं व्हायब्रेटर म्हणून. थेट विजेवर चालत असल्यामुळे ‘ओरिजिनल’चा जोर लहान बॅटरीवाल्या यंत्रांना येत नाही, यात वाद नाही. अडचण विजेची आहे. अमेरिकेहून कुणी आणलं तर आधी बुडाचं लेबल वाचा: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० आणि ५०.

पिनांचा स्वस्त अडॅप्टर लावून काम भागत नाही. तो फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. दुप्पट व्होल्टेजला वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापतं, त्यावरचं इन्सुलेशन जळतं, आणि हे सगळं अंगाला लागलेल्या वस्तूत घडतं. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेणार असाल तर दुकानदाराला दोन वेगळी वाइंडिंग असलेलाच मागा. बाजारात सर्रास मिळतो तो एकाच वाइंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर. त्यात आत-बाहेरची वीज एकमेकींपासून सुटी नसते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर ‘११०’ लिहिलेल्या बाजूच्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत शंभराच्या वरच राहतात. हीटरसाठी मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर तर मोटार असलेल्या यंत्राला लावूच नयेत.

एवढा जड ठोकळा पलंगाशेजारी ठेवण्यापेक्षा याच यंत्राचा ‘प्लस’ हा प्रकार घेणं शहाणपणाचं. त्याचा वेगळा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो आणि ते बाहेरच उतरवतो, म्हणून हातातल्या भागात कमी व्होल्टेजच येतं. अर्थात तो अडॅप्टर हरवल्यावर पिन बसते म्हणून कुठलाही चार्जर खुपसला, तर ही सुरक्षितता संपली. ‘रिचार्जेबल’ हा बॅटरीचा प्रकार वापरताना वायर काढलेलीच बरी.

ओरिजिनलची वायर कायमची जोडलेली आहे, आणि ती खराब होते मुठीतून बाहेर पडते तिथे. हँडलभोवती गुंडाळून ठेवली की तिथलं आवरण चिरतं. चीर दिसली, वायर हलवल्यावर यंत्र बंद-चालू झालं किंवा जळका वास आला, तर प्लग काढा. चिकटपट्टी हा उपाय नव्हे. सलग २५ मिनिटांच्या वर चालवू नका, मग अर्धा तास थंड होऊ द्या. उशी-पांघरुणाखाली दाबून चालवलं की उष्णता बाहेर पडत नाही.

हे तिन्ही प्रकार पाण्याचे नाहीत. प्लग काढून ओलसर फडक्याने डोकं पुसा, नळाखाली धरू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असला तरी न्हाणीघरात नकोच: वेगळ्या वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरपलीकडची गळती त्याला कळतही नाही.

आणि हे यंत्र बनवणाऱ्या हिताची या जपानी कंपनीने २०१३ मध्ये या यंत्रावरून आपलं नाव काढलं. आज नव्या खोक्यावर ते नाव दिसलं तर माल नकली समजा.