टायरचा डेप्थ गेज, चौदा महिन्यांनी: मागचा टायर त्याने पकडला, पुढचा सुटला

मोटारसायकलचा टायर कधी बदलायचा यावर घरच्यांचं एक मत, मेकॅनिकचं दुसरं आणि माझं रोज वेगळं. तो वाद मिटवायला खाचांची खोली मोजणारा लहानसा डिजिटल गेज घेतला. तेव्हापासून अकरा हजार किलोमीटर झाले, दर महिन्याचे आकडे वहीत आहेत.

वापरायला सोपा आहे. काचेवर टेकवून शून्य करायचा, त्याचे दोन्ही पाय टायरच्या नक्षीवर ठेवायचे, मधली दांडी खाचेत दाबायची. तरी पहिल्या दोन महिन्यांत माझ्या वहीत टायर उगवत होता! 3.6 नंतर 3.9. गेज बरोबर होता, मीच दर वेळी वेगळ्या खाचेत मोजत होतो. एकदा तर दांडी नेमकी खाचेतल्या बांधावर टेकवली. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी हा रबराचा बांध सापडतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये तो बहुधा 0.8 मिमी उंच असतो. आजूबाजूची नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला, तिथे घासाघीस नाही. मग मी व्हॉल्व्हसमोरची जागा ठरवून टाकली: एक माप मधलं, एकेक दोन्ही कडांचं. तेव्हापासून आकडे शहाण्यासारखे वागू लागले.

माझं बरंचसं चालवणं सरळ रस्त्यावर, त्यामुळे मागचा टायर मधेच झिजत होता, साधारण दोन हजार किलोमीटरला एक मिलिमीटर. एक वेळ अशी आली की मधे 1.6 आणि कडांना 4.3. कडेने पाहणारा म्हणेल, टायर नवाकोरा आहे. पण मागे उकिडवं बसून पाहिलं तर गोलाई जाऊन मधे सपाट पट्टा झालेला. वळणावर गाडी आधी अडून बसायची आणि मग त्या पट्ट्याची धार ओलांडताच एकदम आत पडायची. हे इतकं हळूहळू होतं की हाताला सवय होऊन जाते. मी तर हँडलचे बेअरिंग तपासून घेतले होते.

कागदावर 0.8 पर्यंत अजून वाव होता, पण पावसाळा तोंडावर आलेला. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकायला जागाच उरत नाही. शिवाय शेवटच्या महिन्यात दोन पंक्चर झाले होते, आधीच्या दोन वर्षांत एकही नव्हता. पातळ रबरातून खिळा लवकर आत शिरतो. 1.6 वरच टायर उतरवला, पश्चात्ताप नाही.

आता गेजची खरी तक्रार. पुढच्या टायरला त्याने 3.4 दिले, म्हणजे चांगले गुण. आणि तोच टायर पहिल्या सरीत, अगदी कमी वेगात, पुढचा ब्रेक हलकाच दाबल्यावर सरकला. पाय टेकला म्हणून वाचलो. घरी येऊन टॉर्च लावून पाहिलं तर खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. नखाने दाबून पाहिलं तर मागच्या नव्या टायरवर वळ उमटत होता आणि पुढच्यावर काहीच नाही, जणू प्लास्टिक. मग टायर कधी बनला ते सांगणारे साइडवॉलवरचे चार अंक शोधले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1419 असेल तर 2019 चा चौदावा आठवडा. माझा टायर सात वर्षांचा निघाला. गाडी सेकंडहँड घेतलेली, आधी बराच काळ उभी असावी. ऊन आणि हवा रबराला उभ्या गाडीतही खातात. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि नक्षी कितीही असो, दहा वर्षांना टायर काढा असं सांगतात. मी दहाची वाट पाहिली नाही.

नवा घेताना आधी तारीख वाचली. दुकानदाराने काढून दिलेला पहिलाच टायर तीन वर्षं पडून राहिलेला होता. दुसरा मागितला तर त्याचं तोंड थोडं वाकडं झालं, होऊ दे. बसवल्यावर फिरण्याच्या दिशेचा बाणही तपासला, कारण तो उलटा बसवलेला मी एका मित्राच्या गाडीवर पाहिलाय. पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून चालवली. नव्या रबराचा वरचा गुळगुळीतपणा जायला तेवढं लागतं.

गेज घ्यावा का? घ्या, पण टॉर्च आधी घ्या. उन्हात त्याचा आकडा नीट दिसत नाही आणि बॅटरीचं झाकण चौथ्या महिन्यात सैल झालं, आता टेप लावलाय. वहीत मात्र मी आणखी एक रकाना आखलाय: टायर कोणत्या आठवड्याचा.